जागा समाजाची, माणूस कुणाचा?

‘नोकरी सोडू का?’ हा प्रश्न आमच्याकडे बहुतेक रविवारी येतो. बोपोडीच्या विहारात वंदना होते, अभ्यासवर्ग संपतो, पोरे-पोरी चपला घालून बाहेर पडतात आणि एखादा मागे रेंगाळतो. सतरंजी गुंडाळायला मदत करतो. मग हळूच म्हणतो, ‘दादा, पाच मिनिटं बोलायचं होतं.’ कोणी कॉल सेंटरमधला असतो, कोणी कुरिअरच्या गोदामातला, कोणी सरकारी कार्यालयातला कनिष्ठ लिपिक, तर कोणी आमच्यासारखाच एखाद्या संस्थेत प्रकल्पावर काम करणारा. पगार कमी आहे ही तक्रार क्वचितच असते. ‘तिथं मन लागत नाही’ असे म्हणतात, आणि त्या ‘मन लागत नाही’च्या पोटात काय दडले आहे ते अर्ध्या तासाने बाहेर येते.

आमचे उत्तर अनेक वर्षे ठरलेले होते. टिकून राहा. बाबासाहेबांनी आयुष्य झिजवून आपल्याला इथपर्यंत आणले, आता माघार नको. आपला एक माणूस बाहेर पडला की मागच्या दहा जणांची वाट बंद होते. हे उत्तर आम्ही इतक्या वेळा दिले की ते आमचे मत आहे की नुसती सवय, हे तपासायची वेळच आली नाही. ती वेळ एका मुलीने आणली. तिच्याविषयी, आणि त्या निमित्ताने आमच्याविषयीही, लिहिणे भाग आहे.

ती आमच्याच अभ्यासवर्गातली. वडील रिक्षा चालवायचे, ते गेले. आई धुणीभांडी करते. मुलगी कॉमर्स शिकली, दोन वर्षे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला आणि एका सरकारी बँकेत लिपिक म्हणून लागली, अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर. वस्तीत पेढे वाटले गेले. विहारात सत्कार झाला. सत्काराचे भाषण आम्हीच केले होते. नेमणूक मिळाली ती दूरच्या एका तालुक्याच्या गावी.

पहिली अडचण खोलीची. ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न भाडे सांगायच्या आधी यायचा. पाच घरे फिरून झाल्यावर सहाव्या ठिकाणी तिने आडनाव गिळले, स्वतःचे आणि वडिलांचे एवढेच नाव सांगितले, आणि खोली मिळाली. मग बाबासाहेबांची तसबीर बॅगेतच राहिली. बुद्धाची छोटी मूर्ती मात्र खिडकीत चालली, कारण बुद्ध आता शोभेच्या वस्तूंच्या दुकानातही मिळतो.

बँकेत पहिल्याच आठवड्यात एका साहेबांनी हसत हसत विचारले, ‘तुमच्यात यंदा कट-ऑफ कितीला लागला?’ तिच्याबरोबर रुजू झालेला मुलगा तीन महिन्यांत रोख काउंटरवर बसला, पुढे कर्ज विभागाचे काम शिकू लागला. ही आवक-जावक रजिस्टर लिहीत राहिली, पासबुके छापत राहिली, केवायसीचे कागद स्कॅन करत राहिली. काउंटर मागितला तर उत्तर मिळाले, ‘तुला झेपणार नाही, रोख कमी भरली तर पगारातून जाईल.’ दुपारी चौघी-पाच जणी एकत्र डबा खात. तिला ‘आमच्यात बसू नकोस’ असे कोणीही म्हटले नाही. ती आली की भाज्यांची देवाणघेवाण तेवढी थांबायची. आता सांगा, याची तक्रार कुठल्या कलमाखाली करायची?

अकरा महिने ती आम्हाला फोन करत होती, बहुतेक संध्याकाळी, खोलीवर जायच्या वाटेवरून. अकरा महिने आम्ही तिला एकच सांगत होतो: ‘ती जागा एकट्या तुझी नाही, समाजाची आहे. तू सोडलीस तर जागा गेली.’ १४ एप्रिलला ती घरी आली, मिरवणुकीत चालली, काही बोलली नाही. महिन्याभराने तिच्या आईकडून कळले की राजीनामा देऊन झाला आहे. आता ती एका खासगी क्लासमध्ये अकाउंट्स शिकवते, निम्म्याहून कमी पैशांत. आम्ही गेलो तेव्हा चहा केला, आणि निघताना म्हणाली, ‘दादा, तुम्ही दर वेळी जागेचं विचारलंत. माझं कधी विचारलंच नाही.’

खरे सांगायचे तर पुढचे काही दिवस आम्हाला तिचा रागच आला होता. सत्काराचा हार वाया गेला, इतका क्षुद्र विचारही मनात आला. राग ओसरल्यावर जे दिसले ते बरे नव्हते. आम्ही तिला जे सांगत होतो ते कायद्याच्या हिशोबानेच चूक होते. राखीव पदे बिंदुनामावलीने ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आर. के. सबरवाल प्रकरणात स्पष्ट केले आहे की नामावलीतील राखीव बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला किंवा अन्य कारणाने गेला तर ती रिकामी जागा त्याच प्रवर्गातून भरायची. म्हणजे मुलगी गेली तरी जागा आपल्याच प्रवर्गाची राहते. ती वर्षानुवर्षे भरली जात नाही, अनुशेष साठतो, हे पाप भरती न करणाऱ्या प्रशासनाचे. ते आम्ही तेवीस-चोवीस वर्षांच्या एका मुलीच्या खांद्यावर ठेवले. आरक्षणावर दोन-दोन तास भाषण देणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवे होते. माहीत होतेही. फोनवर मात्र आठवले नाही, कारण ‘टिकून राहा’ म्हणणे सोपे होते.

एम.ए.ला असताना औद्योगिक समाजशास्त्राच्या पेपरात आम्ही एक प्रकरण पाठ केले होते: कार्यजीवनाची गुणवत्ता. म्हणजे माणूस दिवसाचे आठ-दहा तास जिथे घालवतो तिथले त्याचे जगणे कसे आहे. रिचर्ड वॉल्टन या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली त्याच्या आठ कसोट्या मांडल्या. पुरेसा व न्याय्य पगार आणि सुरक्षित वातावरण या पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. पुढच्या फारशा कोणी वाचत नाही. आपली क्षमता वापरायला व वाढवायला मिळते का, पुढे जायची संधी आणि शाश्वती आहे का, कामाच्या ठिकाणी पूर्वग्रहाशिवाय सामावून घेतले जाते का, नोकरी बाहेरच्या आयुष्याला जागा ठेवते का, आणि आपण ज्या संस्थेत राबतो ती समाजाच्या दृष्टीने जबाबदारीने वागते का. आणि एका कसोटीचे नाव तर थेट ‘संविधानवाद’ असे आहे. कामाच्या जागी माणसाला काही हक्क आहेत का, साहेबाच्या मताविरुद्ध बोलायची मोकळीक आहे का, तक्रार झाली तर ठरलेल्या पद्धतीने ऐकली जाते की साहेबाच्या मर्जीने, हे त्यात तपासायचे. परीक्षेत आम्ही त्यावर आठ मुद्दे लिहून गुण मिळवले. आपल्या माणसांच्या नोकऱ्यांना ही फूटपट्टी लावून बघावी असे तेव्हा सुचले नाही.

लावून बघा. मुलीचा पगार चांगला होता, नोकरी कायम होती, पंखा होता, खुर्ची होती. पहिल्या दोन कसोट्यांत बँक उत्तम गुणांनी पास. क्षमता वापरण्यात नापास, सामावून घेण्यात नापास, संविधानवादात नापास. घरमालकाचा प्रश्न धरला तर नोकरीबाहेरच्या जगण्यातही नापास. आणि आपण घरी बसून विचारतो, ‘एवढा पगार असताना सोडायला काय झालं?’

या विषयाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे नोकरी सोडण्याचा इरादा. विल्यम मोबली यांनी १९७७ साली दाखवले की असमाधान आणि राजीनामा यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. आधी सोडण्याचा विचार मनात येतो, मग सोडले तर काय गमावू याचा हिशोब, मग दुसरे काही मिळेल का याचा शोध, मग तुलना, मग इरादा, आणि शेवटी राजीनामा. म्हणजे राजीनाम्याचा कागद हा फार उशिराचा पुरावा असतो. त्या मुलीचे अकरा महिन्यांचे फोन म्हणजे या पायऱ्याच होत्या. एकेक पायरी ती आम्हाला सांगून उतरत होती आणि आम्ही प्रत्येक वेळी तिला वरच्या पायरीवर ढकलत होतो.

आपल्याकडे दारावर काय होते याचा अभ्यास झालेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळे असलेले अर्ज पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश भरली. पण दारातून आत गेल्यावर काय होते? व्यवस्थापनाच्या प्रश्नावल्यांत ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ असे पाच रकाने असतात आणि पगार, रजा, वरिष्ठांचे वर्तन असे प्रश्न असतात. ‘तुम्ही जेवायला बसल्यावर इतरांच्या डब्यातील भाजीचे काय होते?’ असा प्रश्न आम्ही अजून कुठल्या प्रश्नावलीत पाहिलेला नाही.

दरवर्षी २३ सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो. बडोद्याच्या बागेतील वडाखालचा संकल्प लहान पोरांनाही सांगता येतो. पण त्या दिवशी एका उच्चशिक्षित तरुणाने नोकरी सोडली होती, हे आपण त्या अर्थाने कधी वाचतच नाही. कोलंबियात शिकलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे दहा वर्षे सेवा द्यायची होती. अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात पद होते, महाराज अनुकूल होते. कचेरीत शिपाई फाइली लांबून टाकत, हे आपण सगळे सांगतो. परंतु त्यांनी बडोदा सोडले ते ज्या दिवशी सोडले, त्याचे कारण कचेरी नव्हते, घर होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी स्वतः लिहिले आहे: पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला, संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितली गेली, मित्रांनी हात वर केले, आणि काही तास बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. वॉल्टनच्या भाषेत पगार ठीक होता, पद ठीक होते, पण माणसाला राहायला छप्पर नव्हते. शंभर वर्षांनंतर आमच्या मुलीनेही खोलीसाठी आडनावच लपवले. त्या काळी बाबासाहेबांना कोणी फोनवर ‘टिकून राहा, जागा समाजाची आहे’ असे सांगणारा आमच्यासारखा दादा नव्हता, हे बरेच झाले.

यावर कोणी म्हणेल, मग काय सगळ्यांनी नोकऱ्या सोडायच्या? नाही. सोडण्याचा प्रश्न पडणे हीसुद्धा एक ऐपत आहे, आणि ती सगळ्यांकडे नसते. हे आम्ही झाडणकाम करणाऱ्या कंत्राटी बायांकडून शिकलो, त्यांच्या आरोग्याचे काम हीच आमची रोजीरोटी आहे. सकाळी सहाला कोठीवर हजेरी. मुकादमाने नाव पुकारले की झाडू आणि ढकलगाडी. हातमोजे मिळतात ते उंदराने कुरतडलेले किंवा पुरुषांच्या मापाचे. लघवीला जायला जागा नाही, म्हणून दुपारपर्यंत पाणीच प्यायचे नाही, आणि मग मूतखड्याच्या तक्रारी घेऊन त्या आमच्या शिबिरात येतात. ठेका बदलला की ठेकेदार बदलतो, बाई तीच, रस्ता तोच, फक्त कागदावर ती नव्याने लागलेली. बारा वर्षे एकाच चौकात झाडू मारणाऱ्या एका मावशींच्या कागदांवर चार ठेकेदारांची नावे आहेत आणि कुणाकडेही सलग पाच वर्षे नाहीत. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली पाच वर्षांची अट म्हणूनच त्यांच्यासाठी डोंगर ठरली होती. भविष्य निर्वाह निधीची एक जुनी रक्कम तर कुठल्या खात्यात अडकली आहे ते दोन वर्षे धावपळ करून आम्हालाही कळलेले नाही.

आठही कसोट्यांवर शून्य. सिद्धांताप्रमाणे इथे नोकरी सोडण्याचा इरादा सर्वांत जास्त असायला हवा. आम्ही आमच्या पाहणीत तो प्रश्न घातला होता: ‘येत्या वर्षभरात हे काम सोडण्याचा विचार आहे का?’ त्या मावशी खो खो हसल्या. म्हणाल्या, ‘बाळा, कामच मला सोडील एक दिवस. मी त्याला सोडून जाऊ कुठं? सोमवारी गटाचा हप्ता हाय.’ आम्ही ‘नाही’च्या रकान्यात खूण केली. अहवालात ते ‘समाधानकारक’ म्हणून मोजले गेले! मावशींचे दुसरे वाक्य लिहायला प्रश्नावलीत जागा नव्हती: ‘पर पोरीला ह्यात येऊ देनार न्हाई.’ इरादा होता. फक्त तो एका पिढीत मावत नव्हता.

आणि हीच मावशी उद्या कायम झाली असती तर लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळावी म्हणून हेलपाटे घालत बसली असती, यात आम्हाला शंका नाही. तिला नावे ठेवण्याचा आम्हाला काय अधिकार? वस्तीत दिसणारी कायम नोकरी तेवढी एकच असते. मुंबईत मात्र महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांनी संघटना करून कायद्याची लांब लढाई लढली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २७०० जणांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. तेही काम सोडून गेले नाहीत. पण ते गप्पही राहिले नाहीत.

सोडणे म्हणजे माघार, ही आमची समजूत आमच्याच घराच्या इतिहासाशी जुळत नव्हती, हेही नंतर लक्षात आले. आमचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावचे येसकर. हातात घुंगराची काठी, रात्रंदिवस गावकी. पाटलाचा निरोप, सरकारी साहेबाचे ओझे, मेलेले ढोर, सगळे त्यांच्या वाट्याचे. घरचा माणूस आजारी असेल तर त्याच्या जागी दुसऱ्याने जायचे, कारण वतन एकट्याचे नसते, घराचे असते. मोबदला म्हणजे बलुते आणि तुकडाभर जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्धच. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. आजोबांनी त्याची वाट पाहिली नाही. एका रात्री काठी चावडीला टेकवून ते पुण्याला निघून आले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. त्यांच्या भावकीतल्या जाणत्यांनीच त्यांना शिव्या घातल्या होत्या. ‘वतन सोडलंस, घराण्याची जागा घालवलीस’ म्हणून.

हे वाक्य आम्ही लहानपणी किस्सा म्हणून ऐकले होते. मुलीचा राजीनामा झाल्यावर ते पुन्हा आठवले आणि अंगावर काटा आला. भावकीचे शब्द आणि आमचे शब्द यांत फरक किती?

आजोबांना कारखान्यातल्या पगारापेक्षा भोंग्याचे अप्रूप जास्त होते. भोंगा वाजला की काम संपते आणि नंतर आपण कुणाचे चाकर नसतो, ही गोष्ट त्यांना म्हातारपणीही नवलाची वाटायची. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती केली. आपण १ मे आला की त्याची चित्रे मोबाइलवर पाठवतो. आजोबांनी ती दुरुस्ती वाचली नव्हती, ते तिच्यात जगले होते.

आता आमच्याविषयी. आम्ही ज्या संस्थेत काम करतो तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, जमिनीवर बसून बैठक होते, भिंतीवर संविधानाची उद्देशिका आहे. ‘आपण इथे एक कुटुंब आहोत’ असे संचालक वारंवार म्हणतात. करार अकरा महिन्यांचा. वस्तीत जायचे, कोठीवर पहाटे उभे राहायचे, बायांना बोलते करायचे, हे काम आम्हा चार-पाच जणांचे. आणि आम्ही चार-पाच जण सगळे बौद्ध किंवा मातंग, हा योगायोग नव्हे. अहवाल लिहिणारे, दिल्लीच्या परिषदेत तो वाचणारे वेगळे. आम्ही एकदा लिहायला मागितले तेव्हा उत्तर आले, ‘अरे, तुझं फील्ड इतकं चांगलं आहे, तू तिथंच हवास.’ कौतुक करूनही माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवता येते. मावशींच्या हसण्यावर ‘समाधानकारक’ हा शब्द कुणी चिकटवला, आता सांगायला नको.

आमच्या मोबाइलमध्ये राजीनाम्याचा मसुदा दीड वर्षापासून पडून आहे. दुसऱ्यांना ‘टिकून राहा’ सांगत होतो त्याच काळात, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याच लोकांनी चालवलेल्या संस्थांतही आम्ही काम केले आहे. तिथे अहवालावर नाव येते, पण पगार तीन-तीन महिने येत नाही, आणि विचारले तर ‘तू मिशनचा माणूस ना?’ असे ऐकावे लागते. पे बॅक टू सोसायटी हे तत्त्व आम्ही मानतो. त्याचा वापर करून पोरांची मजुरी बुडवणे हे शोषणच आहे, मग बुडवणाऱ्याच्या कार्यालयात कुणाचीही तसबीर असो.

अल्बर्ट हर्शमन यांचे १९७० सालचे एक पुस्तक या सगळ्यावर बरोबर बोट ठेवते. संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात असे ते म्हणतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. आणि निष्ठा हा तिसरा घटक माणसाला थोपवून धरतो, सोडून न जाता आवाज उठवायला लावतो. आमचा यावर एक आक्षेप आहे. ही निष्ठा संस्थेवरची आहे असे ते गृहीत धरतात. आमच्या मुलीची बँकेवर कसली निष्ठा? तिची निष्ठा आमच्यावर होती, वस्तीवर होती, सत्काराच्या हारावर होती. त्या निष्ठेने तिला सोडूनही जाऊ दिले नाही आणि बोलूही दिले नाही. बोलली असती तर ‘आपल्या लोकांना काम जमत नाही’ असा बोभाटा होईल, समाजाची मान खाली जाईल, ही भीती तिच्या मनात आम्हीच पेरली होती. प्रस्थापितांनी तिला बाजूला बसवले हे खरेच. पण तिचे तोंड त्यांनी एकट्यांनी बंद केले नाही.

बोलायला जागा होत्या का? थोड्या होत्या. सरकारी बँकेत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असतो. कर्मचाऱ्यांची संघटना असते. ३३८ व्या कलमाखालील राष्ट्रीय आयोगाला चौकशी करताना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. अकरा महिन्यांत आम्ही तिला त्या संपर्क अधिकाऱ्याचे नावसुद्धा शोधून दिले नाही. खासगी नोकरीत परिस्थिती आणखी बिकट आहे. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली, जातीय वागणुकीसाठी खासगी कार्यालयात तशी समिती बंधनकारक करणारा कायदा नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात अपमानाच्या कलमाला ‘लोकांच्या नजरेस पडेल असे ठिकाण’ ही अट आहे. बंद केबिनमधला टोमणा आणि डब्यातली न दिलेली भाजी तिच्यात कशी बसवणार? ही मागणी आपल्या मोर्चांत का नसते, हे आम्हाला कळत नाही. पुतळ्याच्या सुशोभीकरणाचे निवेदन मात्र लगेच तयार होते.

याच पुण्यात साठच्या दशकात संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत बुद्धजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या तेव्हा दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने आवाज उठवला आणि ते निलंबित झाले. कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सुट्ट्या परत आल्या, दीनाभानाही कामावर परत आले. कांशीराम यांनी नोकरी सोडली ती त्यानंतर. आपण शेवटचा भाग त्याग म्हणून सांगतो, पण आम्हाला आता मधला भाग महत्त्वाचा वाटतो: निलंबित माणूस एकटा पडला नाही.

रविवारचे आमचे उत्तर त्यामुळे बदलले आहे. ‘टिकून राहा’ही म्हणत नाही, ‘सोड’ही म्हणत नाही. आधी झोप लागते का विचारतो, जेवण जाते का विचारतो. मग एक वही करायला सांगतो: तारीख, काय बोलले गेले, कोण हजर होते, कुठले काम दिले आणि कुठले नाकारले. गोदामातल्या एका पोराने दीड महिना वही लिहिली आणि ती घेऊन व्यवस्थापकाकडे गेला, सोबत त्याच्याच पाळीतले तिघे होते. त्याची पाळी बदलून मिळाली. कनिष्ठ लिपिक असलेल्या दुसऱ्याने सहा महिने वही लिहिली, अर्ज केला, काही झाले नाही, आणि त्याने दुसरीकडे नोकरी शोधून पहिली सोडली. त्याचाही आम्ही सत्कार केला. काही ज्येष्ठांना ते आवडले नाही.

आमचा मसुदा आम्ही अजून पाठवलेला नाही. त्याऐवजी संचालकांना एक पत्र दिले आहे: अहवालावर क्षेत्रकार्यकर्त्यांची नावे यावीत, लेखनात वाटा मिळावा, मावशींच्या उत्तराचा ‘समाधानकारक’ हा अर्थ दुरुस्त करावा आणि करार अकरा महिन्यांचे का आहेत ते लेखी कळवावे. चौघांच्या सह्या आहेत. पाचव्याने केली नाही, त्याच्या घरी म्हातारी आई आणि दोन लेकरे आहेत, आम्ही आग्रह धरला नाही. पत्राला तीन आठवडे झाले. ‘बसून बोलू’ एवढेच उत्तर आले आहे.

ती मुलगी आता पुन्हा विहारात येते. येत्या रविवारी अभ्यासवर्गात ती पगाराची चिठ्ठी कशी वाचायची, पीएफचा हिशोब कसा तपासायचा ते शिकवणार आहे. आपापली नेमणूकपत्रे आणि चिठ्ठ्या घेऊन या. मावशीही येतो म्हणाल्या आहेत, त्यांच्या चारही ठेकेदारांचे कागद घेऊन.